मऊ भिंती

रबराची पट्टी होती ती. काळी, करंगळीएवढी जाड, पोटातून पोकळ — दाबली की चपटी व्हायची आणि सोडली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा गोल. फोरमननी ती चहाच्या कपाशेजारी ठेवली, पुन्हा उचलली, नाकाशी नेली. नव्या रबराचा तो गोडसर, किंचित करपट वास... असल्या पट्ट्यांत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. बॉयलरच्या झाकणाखाली, पंपाच्या तोंडाशी, तेलाच्या टाकीच्या दाराला. पण परसातल्या लाकडी शेडच्या दाराला, चारी कडांनी, केसाइतकीही फट राहू नये अशी निगुतीनं लावायची — ती कशासाठी?

“धूळ, बाबा! धूऽळ येऊ नये म्हणून!” सून ओट्यापाशी उभी राहून ओरडली. ओरडताना तिच्या मानेची एक शीर ताठ व्हायची, भुवया एकमेकींना भिडायच्या, आणि साधी धूळसुद्धा भांडणाचं कारण असल्यासारखी वाटायची.

फोरमननी मान हलवली. धूळ. बरं. पण पट्टी बाहेरच्याला आत येऊ देत नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ती बसवतात ती बहुतेक वेळा आतल्याला बाहेर जाऊ न देण्यासाठी. आत वाफ असते, दाब असतो, कोंडून ठेवण्यासारखं काहीतरी असतं. इथे आत काय असणार होतं? सिनेमा. आणि सिनेमासमोर, खुर्चीत — मी.

कारखाना सोडून कैक वर्षं झाली तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. पत्र्याचे डबे करणारा कारखाना. ओळीनं उभे असलेले प्रेस, एकेका ठोक्याला एकेक झाकण, आणि त्या ठोक्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी आपले कान तिथेच वाहिले. हळूहळू वाहिले. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग बायकांची बोलणी, आणि शेवटी शेवटी तर माणसं नुसती तोंडं हलवणारी झाली. श्रवण म्हणे भक्तीची पहिली पायरी. यांची नेमकी तीच निखळली. म्हणून मग त्यांनी वरच्या मालकाशी थेट बोलणं सुरू केलं — त्याला ऐकू येतं, आपल्याला नाही आलं तरी काम अडत नाही.

कानातलं यंत्र होतं. नव्हतं असं नाही. पण ते यंत्र म्हणजे कारखान्यात नवा लागलेला एखादा फाजील उत्साही उमेदवार. आण म्हटलं की सगळं गोदामच उचलून आणायचा. चमच्याचा खणखणाट, नळाची धार, खुर्चीचे पाय, फरशीवरून उड्या मारत येणारा प्रत्येक आवाज दोनदोनदा... आणि त्या ढिगाऱ्याच्या पार तळाशी कुठेतरी माणसाचं बोलणं. फोरमन ते यंत्र डबीत घालून ठेवत आणि डबी खिशात. “असू द्या, जवळ तर आहे,” म्हणत.

राहिला टीव्ही. संध्याकाळी एक सिनेमा बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि आवाज शेवटच्या टोकाला नेल्याशिवाय सिनेमा पोचत नसे. भिंतीपलीकडच्या काकू एकदा हसत हसत म्हणाल्या होत्या — मुलानं ते कागदावर लिहून दाखवलं — ‘आम्ही आता तिकीट काढायचंच सोडलं, फोरमनांच्या कृपेनं शेवटापर्यंत सगळं कळतं, फक्त कोण दिसायला कसा आहे तेवढं सांगा.’ फोरमन तेव्हा खदखदून हसले होते. मुलगा हसला होता. सून हसली नव्हती... की हसली होती? आठवत नाही. तिचं हसणं कसं असतं तेच डोळ्यांसमोर येईना.

आणि मग एक दिवस ठरलं. परसातली शेड, जिथे फोरमनांची हत्यारं, मोडके पंखे आणि उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले सगळे निरुपयोगी तुकडे होते, ती रिकामी करायची आणि तिथे बाबांसाठी थिएटर करायचं. पडदा, प्रोजेक्टर, मोठे स्पीकर. “बाबांसाठी!” सून ओरडली होती आणि तिनं बोटानं त्यांच्याकडे नेम धरला होता. केवढा आनंद झाला होता त्यांना! शेजारीपाजारी सांगत सुटले होते. हत्यारं स्वतःच्या हातानं पोत्यांत भरली, एकही कुरकुर न करता.

पण हे सगळं पट्टी येण्याआधीचं.

चहा निवला होता. त्यांनी तो तसाच एका घोटात संपवला, पट्टी सुताराला द्यायला घेतली आणि परसात गेले.

सुट्टीचा दिवस होता, म्हणून मुलगाही सुताराच्या हाताखाली राबत होता. शेडच्या पोटात दोघं गुडघ्यांवर बसून जाजमाच्या कडा दाबत होते. फोरमन दारात उभे राहिले. आत डोकावताना पहिल्यांदाच असं वाटलं की ही आपली शेड नव्हेच. भिंती काळसर करड्या कापडानं मढवलेल्या. कापडाखाली काहीतरी गुबगुबीत. समोर लाकडी चौकटीवर ताणलेला पांढरा पडदा. मागच्या खुर्च्यांना सुतारानं एक पायरीभर उंची दिलेली. छत खाली आलेलं. सगळीच खोली आक्रसून, अंग चोरून बसल्यासारखी — म्हणजे बाहेरून शेड होती तेवढीच, पण आत आत एक दुसरी, लहान...

सुतार बडबड्या माणूस. फोरमनांना ऐकू येत नाही म्हणून तो गप्प बसत नसे, उलट हातवारे वाढवायचा. आता त्यानं दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मध्ये वीतभर जागा, आणि ते पुढेमागे हलवून दाखवले. शिवत नाहीत. बघा, शिवत नाहीत. मग एका तळव्याकडे बोट करून बाहेरची भिंत, दुसऱ्याकडे करून आतली. आणि मधल्या जागेत चिमटीनं हवेतच काहीतरी कोंबलं.

“भिंतीला कान असतात म्हणतात ना फोरमनसाहेब,” तो तोंड मोठं करून म्हणाला, इतकं मोठं की ओठांवरून अक्षर न् अक्षर वाचता यावं, “मी दोन्ही कानांत बोळे घातलेत!”

मुलानं त्याला कोपरानं ढोसलं. फोरमनांच्या नजरेतून ते सुटलं नाही. विनोद वाईट नव्हता. मग ढोसलं कशाला?

ते दारापासून दोन पावलं बाजूला सरकले. पोत्यातून आपला जुना, लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी सकाळीच काढून ठेवला होता... का काढला होता, तेव्हा ठाऊक नव्हतं, आता कळलं. कारखान्यात कान पूर्ण बरे होते तेव्हाही यंत्राचं दुखणं ते असंच ऐकत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बाहेर सगळा कल्लोळ चाललेला असायचा, आणि त्या लोखंडी दांड्यातून मात्र नेमकं त्या एका बेअरिंगचंच बोलणं यायचं. खरखर असेल तर गोळी झिजली. टकटक असेल तर ढिलं. शीळ असेल तर तहान लागलीय, वंगण घाला. हाडानं ऐकायचं. कान गेले तरी हाड शाबूत होतं.

त्यांनी टोक फळीला टेकवलं. आत हातोडी चालली होती. दाराच्या तिरप्या कोनातून मुलाचा दंड वर-खाली होताना दिसत होता. एक ठोका, दुसरा... डोळे मिटले. काहीच नाही. फळी मुकी. जरा खाली टेकवलं, कोपऱ्याच्या खांबाला टेकवलं. नाही. हातोडी तिथे, माणसं तिथे, काम तिथे, आणि बाहेरच्या फळीला त्याचा पत्ताच नाही, जणू घरात लग्न आणि अंगणाला खबर नाही.

वा!

हे ‘वा’ आधी आलं. फोरमनांचा जीवच तसला; काम चोख असलं की आधी दाद जायची, मग बाकीचं. कोणाचं डोकं हे? मुलाचं नक्कीच नव्हे. त्यानं आधी अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवायचा बेत केला होता आणि महिनाभर गोळाही केले होते. मग सून एक दिवस वाचनालयातून जाडजूड पुस्तक घेऊन आली. ती तिथे ग्रंथपाल आहे. जेवणाच्या टेबलावर रेघा मारल्या, पुठ्ठे रद्दीत गेले, आणि वाफेच्या नळांना गुंडाळतात तसल्या दगडी लोकरीचे गठ्ठे दारात येऊन पडले. म्हणजे डोकं तिचं. आतली भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेही शिवू नये, मधे रबर, मधे लोकर, दाराला पट्टी... आवाजाला पळून जायला एकही वाट ठेवली नव्हती पोरीनं.

आणि मग ‘वा’च्या मागोमाग दुसरं आलं, हळूच, दबकत. सिनेमा दाखवायला एवढं लागत नाही. पडदा लागतो, अंधार लागतो, बास. हे सगळं आहे ते दाखवायला नव्हे, कोंडायला. दिवाणखान्यात खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती — येणारी-जाणारी माणसं दिसायची, टेबलावर कोण जेवतंय, कोण रुसलंय, पोस्टमननं काय टाकलं... ऐकू येत नसलं तरी त्या खुर्चीत बसून ते घराच्या मधोमध असायचे. ती खुर्ची उद्यापासून रिकामी राहणार आणि आपण इथे. परसात. रबराच्या पट्टीच्या आत. कुणी वाईट म्हणणार नाही; म्हणतील, नशीबवान, मुलासुनेनं थिएटर बांधून दिलं!

पण मग — त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवला — एखाद्याला घालवण्यासाठी माणूस इतकं नीट काम करतो का? घालवायचंच असेल तर अंड्यांचे पुठ्ठे पुरले असते की! राग असलेल्या हातानं केलेलं काम त्यांना ओळखता यायचं. कारखान्यात कितीतरी पाहिली होती तसली कामं, कुठेतरी एक बोल्ट मुद्दाम वाकडा सुटायचाच. इथे बोल्ट सरळ होते. कोपरे काटकोनात होते. प्रेमाचं काम आणि पिच्छा सोडवण्याचं काम, दोन्ही एकाच मापात बसतात की काय? मालका, तुझं हे एक यंत्र मला कधी उलगडलं नाही बघ. कुठे टेकवावा स्क्रू-ड्रायव्हर?

जेवताना त्यांनी दोघांकडे बारकाईनं पाहिलं. मुलगा काहीतरी म्हणाला. सून ताटावरची नजर न उचलता काहीतरी म्हणाली. मुलानं खांदे उडवले. हे नेहमीचंच. त्यांच्यासमोरच त्यांच्या पाठीमागचं बोलणं चालायचं. त्यात लबाडी नव्हती, सवय होती. मांजरासमोर बोलतो तसं. फोरमनांना एरवी त्याचं काही वाटत नसे, पण आज ते ओठांकडे टक लावून बसले. सुनेचे ओठ वाचताच येत नसत. ओरडायची तेव्हा यायचे, पण मुलाशी बोलताना ते नुसते थरथरल्यासारखे हलायचे, जेमतेम उघडायचे. दिवसभर वाचनालयात कुजबुजायचं आणि घरी येऊन सासऱ्यासाठी घसा फोडायचा — काय गंमत लिहिलीय एकेकाच्या नशिबी.

“बाबा! भाऽत?”

“नको,” ते म्हणाले. त्या क्षणी मनात वाक्य तयार झालं. अगदी घासूनपुसून, कडा गोल करून. ‘छान झालंय, पण मला माझी खिडकीतली खुर्चीच बरी. थिएटर तुम्ही दोघं वापरा.’ संध्याकाळी थिएटरची चाचणी संपली की म्हणायचं. तक्रार नाही, आदळआपट नाही. सुंठेवाचून खोकला जाईल. पुढचं त्यांचं ते बघून घेतील.

वाक्य तयार झाल्यावर बरं वाटलं. तरी दुपारी डोळा लागला नाही. पलंगावर पडून ते छताकडे बघत राहिले. बायको असती तर... तिनं ओरडून कधी काही सांगितलंच नाही. कान जायला लागले तशी ती जवळ यायला लागली, एवढंच. बाहीला दोन बोटं लावायची. दोन बोटं म्हणजे ‘इकडे बघा’. मग नजर वळवून दाखवायची: दाराकडे, म्हणजे कुणी आलंय, घड्याळाकडे, म्हणजे निघा. संसाराचा उत्तरार्ध दोघांनी असा दोन बोटांवर केला. ती गेली आणि घरात सगळं ओरडून व्हायला लागलं. पण तेव्हाही, ती होती तेव्हाही, ती इतरांशी बोलत असणारच की. सुनेशी. शेजारणींशी. ती काय बोलायची? विनोद करायची का? हा प्रश्न इतक्या वर्षांत आपल्याला पडला कसा नाही, याचंच त्यांना नवल वाटलं, आणि ते कुशीवर वळले.

उन्हं कलली तसं सुनेनं येऊन दार ठोठावलं, म्हणजे पाय आपटले. फरशीची थरथर त्यांना पलंगात कळायची. “चला! चाचणी! आणि यंत्र घाऽला!” तिनं कानाकडे बोट दाखवलं. स्पीकरची परीक्षा यंत्राशिवाय कशी होणार? त्यांनी मुकाट्यानं डबी उघडली. यंत्र कानात बसताक्षणी घर अंगावर धावून आलं — दाराची कडी, सपाता, कुठलंसं भांडं, आणि परसात पक्ष्यांचा नुसता गोंगाट.

सुतार गेला होता. शेडमध्ये तिघंच. फोरमनांना मधली खुर्ची दिली, त्यांच्या शेजारी सून बसली, मुलगा मागच्या पायरीवर प्रोजेक्टरशी खटपट करत उभा. मग त्यानं हात लांब करून दार ओढलं. रबर दबलं. आणि...

फोरमननी पटकन कानाला हात लावला. यंत्र बंद पडलं वाटतं. पक्षी गेले, भांडी गेली, घर गेलं. कुणीतरी जगावर पांघरूण टाकावं तसं. त्यांनी बाजूच्या भिंतीवर तळवा ठेवला. कापड मऊ, आत लोकर, दाबलं की किंचित आत जाणारं. मागे मुलानं टाळी वाजवली. ती त्यांना ऐकू आली. म्हणजे यंत्र चालू होतं! पण टाळी एकच होती. घरातल्यासारखी भिंतीभिंतींवर आपटत, चार टाळ्यांची गर्दी करत आली नाही. वाजली आणि जिथल्या तिथे, त्याच्या हातातच विझली.

आणि मग एक आवाज आला. हलका, थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी जरासा रेंगाळणारा. फोरमननी डोळे फिरवले. कोण आलं? दार तर बंद आहे.

“...बघतायत. बघू दे त्यांना.”

“पण काहीच बोलत नाहीयेत गं,” हा मुलगा. हा ओळखला. “पसंत नाही पडलं वाटतं.”

“पडलंय. भिंतीला हात लावला ना आत्ता? पसंत पडलं की ते हात लावतात. तोंडानं म्हणत नाहीत.”

फोरमनांचा तळवा अजून भिंतीवरच होता. तो काढावा की ठेवावा, कळेना. शेजारच्या खुर्चीत सून मान मागे वळवून बसली होती; ओठ जेमतेम हलत होते, आणि तो आवाज — तो तिचा होता. हिचा! शीर ताठ न करता, भुवया न जुळवता येणारा. इतकी वर्षं या घरात राहिलेल्या बाईचा आवाज ते आज पहिल्यांदा ऐकत होते. एखाद्या ओळखीच्या यंत्राचं झाकण कुणीतरी उघडावं आणि आत भलतीच, नाजूक, घड्याळासारखी चाकं दिसावीत... ते श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागले.

“आणि नाहीच बसले इथे, तर?” मुलगा म्हणाला. “हा सगळा खटाटोप...”

“तर मी बसेन. दार लावून, गप्प.”

“टीव्हीचा एवढा त्रास होत होता तुला?”

“टीव्हीची सवय झाली रे. मला माझ्याच आवाजाचा वीट आलाय.” कापडाची सळसळ झाली. तीही ऐकू आली. “परवा वाचनालयात एका बाईंना म्हटलं, पुस्तक परत आणलंत का? एवढंच. पण असं ओरडले मी, की सगळी खोली माना वर करून बघायला लागली. त्या बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. घरातला घसा तिथे घेऊन गेले मी.”

मुलगा फिसकन हसला.

“हसू नकोस! लग्न होऊन आले तेव्हा आई काय म्हणायच्या आठवतंय? हिचा आवाज म्हणजे मंद आचेवरचं दूध. वाकून बघितल्याशिवाय आहे की नाही कळत नाही.”

आई म्हणायच्या. म्हणजे ती. फोरमनांच्या छातीत काहीतरी हललं. दुखलं नाही, नुसतं हललं, जड कपाट जागचं सरकावं तसं. तिचं वाक्य होतं हे. ती असली वाक्यं करायची? मंद आचेवरचं दूध... आणि म्हणाली कुठे असेल? जेवणाच्या टेबलावरच म्हणाली असेल, आपण समोर बसलेले असताना, आणि सगळे हसले असतील, आणि आपणही, सगळे हसतायत म्हणून, हसलो असू. किती वाक्यं अशी आपल्या डोक्यावरून त्या घरात फिरली असतील! ती गेली असं आपण म्हणतो. पण तिचं किती तरी आपल्यापर्यंत अजून यायचंच आहे की. कुणाकुणाच्या तोंडी अडकून राहिलंय. हिच्या तर नक्कीच. मालका, हे बरं केलंस हं, कुठल्या वाटेनं काय पाठवशील...

“एक विचारू?” मुलाचा आवाज खाली आला, पण इथे खाली आलेला आवाजही विझत नव्हता. “बाबांना घरातून बाहेर काढायचं, असं होतं का कुठेतरी? तुझ्या मनात?”

फोरमन पडद्याकडे बघत राहिले. पांढरा, कोरा, एकही सुरकुती नसलेला. सकाळपासून जिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवायला जागा शोधत होते ती जागा आता आपणहून समोर आली होती, आणि त्यांना वाटलं, नको. ऐकायला नको. यंत्र काढून डबीत ठेवावं. पण हात भिंतीवरून हलला नाही.

“थोडं तसंही,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? वर देव बघतोय. थोडं तसं होतं. पण मग करता करता... ते दार लावलं की आत कसं वाटेल, त्यांना नीट ऐकू येईल का, खुर्ची उंच तर नाही होणार, असलंच सगळं डोक्यात राहिलं. पहिलं कुठे गेलं कुणास ठाऊक. गेलं की नाही तेही माहीत नाही.”

थोडं तसंही.

ते लागेल असं त्यांना वाटलं होतं. वाट बघितली. लागलं, पण कुठेतरी लांबवर, दुसऱ्याच खोलीत वस्तू पडावी तसं. जवळ होतं ते निराळंच: दिवसभर बिघाड शोधून थकल्यावर तो नेमका हाती लागावा तेव्हाचं, ते विचित्र, जवळजवळ आनंदासारखं काहीतरी. मधे वीतभर जागा ठेवून दोन्ही उभी होती तिच्या मनात, प्रेमही आणि सुटकाही, एकमेकांना न शिवता. आणि पोरीनं दोन्ही सांगितली. किती जण सांगतात? मी सांगितली असती? बायको आजारी असताना रात्री-अपरात्री उठवायची तेव्हा माझ्या मनात काय काय यायचं, ते मी कुणाला... थोडं तसंही. हो. माझंही.

आणि आता सांगायला हवं का? की पोरांनो, ऐकू येतंय मला. सगळं. सांगितलं तर दोघं ओशाळतील, जीभ चावतील, आणि हा आवाज पुन्हा बंद. मग पुन्हा धूऽळ, भाऽत, गोऽळी. नाही सांगितलं तर ती चोरी. घरातल्याच माणसांच्या खिशात हात घालण्यासारखी. गोळ्या, जेवण, फोन आलाय, पाऊस येईल, दार लावा... तिच्याकडून आजवर जे पोचलं ते सगळं ओरडून सांगण्याच्या लायकीचं. पण माणूस राहतो ते त्याच्या उरलेल्या बोलण्यात. तिला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, हसते कशी... काही म्हणजे काही माहीत नव्हतं त्यांना. एका छताखाली इतकी वर्षं! आणि हे माहीत नसणं सकाळपर्यंत कधी टोचलं नव्हतं. आता मात्र भूक लागावी तसं लागलं होतं.

“बाऽबा! करू का सुऽरू?”

ते खुर्चीत ताडकन उडालेच. इतक्या मऊ खोलीत तो आवाज थप्पडीसारखा आला. घरात रोज येत होता तो हाच? रोज, दिवसातून कितीदा, आणि तो काढणाऱ्या घशाला काय होत असेल...

सून चमकली. तिनं त्यांच्या दचकलेल्या खांद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हाताकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू गोळा होत होतं, हिशेब जुळत आल्यासारखं, पण अजून जुळलेलं नव्हतं.

दुपारी घासूनपुसून ठेवलेलं वाक्य त्यांनी शोधलं. छान झालंय, पण मला... पण मला काय? पुढचं सापडेना. “थांब जरा,” ते म्हणाले, आणि स्वतःच थबकले. आपणही आयुष्यभर ओरडतच बोलत आलो, प्रेसच्या वरताण. आत्ता जो आवाज निघाला तो कुणातरी म्हाताऱ्याचा होता, दबका, जरासा घाबरट, अनोळखी. हा माझा?

“काय?” सून पुढे झुकली. “काय म्हणालात, बाबा?”

तिला ऐकू आलं नव्हतं! तिला! फोरमनांना हसू फुटायला लागलं, पोटातून, आणि त्यांनी ते ओठांत दाबलं. ती आणखी जवळ आली. कान त्यांच्या तोंडाशी. मागे प्रोजेक्टरचा पंखा मंद घरघरत होता, मुलगा वाट बघत उभा होता, पडदा कोरा होता, आणि त्यांच्या जिभेवर, सगळ्या मोठ्या मोठ्या प्रश्नांना मागे सारून, एक बारीकसा, फालतू, कुणी कुणाला कधीही ओरडून विचारणार नाही असला प्रश्न येऊन बसला होता. तो बाहेर पडला तर सगळंच उघडं पडणार होतं, हे त्यांना कळत होतं, आणि तरीही तो आवरेल असं त्यांना वाटेना, कारण खरोखरच, अगदी खरोखरच, त्यांना जाणून घ्यायचं होतं — त्या बाईंनी पुस्तक परत आणलं होतं का?